कूलरची बाहेरची बाजू

वारा बदलला तेव्हा रुपराव झोपेतही नव्हता आणि जागाही नव्हता. नवतपा, म्हणजे मे अखेरचे होरपळणारे नऊ दिवस, लागला होता, रविवार होता, पोटात वरण-भात आणि वर कैरीचं पन्हं होतं, आणि कूलरच्या थंड झोतात तो उताणा पडला होता. अशा वेळी आपल्याला हातपाय आहेत याचीही माणसाला फारशी आठवण राहत नाही. मग अंगठ्यांना काहीतरी वेगळं लागलं. हवा आधी नुसती कोमट झाली, मग तिच्यातला वाळ्याचा वास गेला, मग ती सरळ बाहेरच्यासारखी झाली, कोरडी आणि धुळकट. पंखा तसाच घरघरत होता. त्याच्याखालून पंपाचा आवाज येत होता, तोंडात काही नसताना आवंढा गिळल्यासारखा. टाकीतलं पाणी संपलं होतं. रुपरावनं डोळे उघडले नाहीत. पाणी संपलं की कोणीतरी टाकतं, हे त्याला ठाऊक होतं. ते टाकलं जाईपर्यंत पडून राहायचं, एवढंच आपल्याकडे काम आहे असं तो धरून चालला होता.

पाणी टाकण्याचा एक आवाज असतो, आणि तो रुपरावला आतून तोंडपाठ होता. आधी बादलीची कडी वाजते, मग पत्र्याची झडप करकरते, मग पाणी पडतं, आणि मग थोडा वेळ वारा नेहमीपेक्षा जास्त गार येतो, वाळ्याचा ताजा वास घेऊन. इतक्या उन्हाळ्यांत तो आवाज त्याला कूलरचाच वाटत आला होता. पंखा घरघरतो, पंप ठिबकतो, तशी मधून मधून बादलीही वाजते. हा कूलर त्यानं इतवारीच्या बाजारातून घेतला होता, हातगाडीवर चढवून. स्वतः स्कूटरवर पुढे पुढे, आणि हातगाडीवाला मागून घाम पुसत. निजायच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या खिडकीत तो बसवला: तोंड आत, बाकी सगळं धड बाहेर. पाणी बाहेरून टाकायचं असतं साहेब, असं दुकानदारानं सांगितलं होतं. बाहेर म्हणजे घराची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली चिंचोळी बोळ. दुपारी तिथं सूर्य असा येतो की पत्र्याला हात लावता येत नाही. रुपराव कूलर बसवला त्या दिवशी तिथं उभा राहिला होता. त्यानंतर गेल्याचं त्याला आठवेना. सुभद्राही, म्हणजे त्याची बायको, तिकडे जात नसे. तिला ऊन लागायचं. म्हणजे पाणी बाई टाकत असली पाहिजे. बाई म्हणजे वच्छला, त्याची थोरली बहीण. त्यांच्या घरात थोरल्या बहिणीला बाईच म्हणत. आणि आज बाईनं पाणी टाकलं नव्हतं. एवढ्यावर तो पुन्हा झोपलाही असता, पण आत कुठंतरी खरचटल्यासारखं झालं. सकाळी तो पेपर वाचत असताना बाई हे घर सोडून जाण्याचं काहीतरी बोलली होती. दोन दिवसांसाठी की कायमचं, ते त्यानं ऐकलंच नव्हतं. तो फक्त 'हाव' म्हणाला होता.

हाव हा शब्द फार सोयीचा. नागपूरकडे 'हो'ला हाव म्हणतात, पण रुपरावच्या तोंडी त्यात होकार असा फारसा उरलेला नव्हता. समोरच्याचं बोलणं थांबावं आणि आपलं जे चाललंय ते तसंच चालू राहावं, म्हणून तो हाव म्हणायचा. साहेबाला म्हणायचा, सुभद्राला म्हणायचा, मुलांनाही म्हणायचा, फक्त ती पैसे मागतील तेव्हा सोडून. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, का म्हणून विचारलं की उत्तर ऐकावं लागतं. ऑफिसात फायलींचं कपाट त्याच्या खुर्चीच्या पाठीलाच होतं, हात मागे टाकला असता तर मूठ कपाटावर आपटली असती. तरी तो घंटी वाजवायचा, आणि व्हरांड्याच्या टोकाला स्टुलावर बसलेला चपराशी उठून यायचा, त्याच्या मागे जायचा, फाइल काढायचा आणि पुढे येऊन ठेवायचा. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत तो स्कूटरनं जायचा. स्कूटर काढायला, वळवायला आणि किका मारायला लागायचा तेवढ्यात पान खाऊन परत येता आलं असतं. घरी दिव्याच्या बटणाला त्यानं सुतळी बांधून पलंगापर्यंत आणली होती. ओढली की बटण खाली यायचं आणि दिवा लागायचा. बटण वर मात्र सुतळीनं जात नसे, त्यामुळे दिवा विझवायला कोणीतरी यावं लागायचं. कोणीतरी येतही असे. शेजारचे नत्थूजी ही सुतळी पाहून म्हणाले होते, "रुपरावजी, तुमाले कूस बदलाची असली तं बी एक चपराशी ठेवा लागंन." रुपराव हसला होता. राग आला असता तर उठून बसावं लागलं असतं.

आणि तो काही एकटाच तसा नव्हता. हुडकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत हा लेआउट पडला तेव्हा मे महिन्यात संध्याकाळपासून सगळ्यांच्या बाजा अंगणात निघायच्या. अंगणात पाणी शिंपडायचं, मातीचा वास सुटायचा, आणि या बाजेवरून त्या बाजेवर गप्पा चालायच्या; कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाच्या विहिरीला पाणी लागलं, हे सगळं उताणं पडूनच कळायचं. मग एकेका खिडकीत कूलर आला. आता दुपारी रस्त्यावर उभं राहिलं तर घरोघरच्या पत्र्याच्या पाठी तेवढ्या दिसतात आणि घरघर ऐकू येते. नत्थूजींच्या घरी कोण आजारी होतं हे मागच्या वर्षी रुपरावला ते माणूस बरं झाल्यावर कळलं. त्याला त्याचं फार वाईट वाटलं नव्हतं. गार हवेत वाईट वाटायलाही वेळ लागतो.

शेजारी सुभद्रा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. म्हणजे झोपल्यासारखी होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोचा झोपेतला श्वास आणि झोपेचं सोंग घेतलेला श्वास यातला फरक कळतो. तीही वाट पाहत होती. मुलं मामाकडे गेलेली होती, त्यामुळे सांगायला तिसरं कोणी नव्हतं. आपण दोघं एकाच गोष्टीची वाट पाहतोय आणि दोघांपैकी जो आधी हलेल त्याला उठावं लागेल, हे रुपरावला समजत होतं आणि तिलाही समजत असणार. तो अजिबात हलला नाही. कपाळावरून घामाचा ओघळ कानात गेला, तोही त्यानं जाऊ दिला. शेवटी डोळे न उघडता सुभद्रा म्हणाली, "पानी संपलं वाटते."

"हं."

"बाई कुठं गेल्या?"

"असंन इथंच."

"तुमाले काही बोलल्या का सकाळी?"

"नाही," रुपराव म्हणाला. खरं सांगितलं असतं तर दोघांनाही उठून बसावं लागलं असतं.

सुभद्रानं पदर तोंडावर ओढला आणि पुन्हा तो खोटा श्वास सुरू झाला. रुपरावनं मग एकदा हाक मारून पाहिली, "बाई!" पलंगावरूनच, मान न उचलता. कूलरच्या घरघरीत ती आपल्याच कानांना कशीबशी ऐकू आली. नीट हाक मारायची तर कूलर बंद करायला हवा, आणि कूलरचं बटण समोरच्या भिंतीवर. त्याला सुतळी बांधायची राहून गेली होती. तेवढं उठायचंच तर मग पाणीच का टाकू नये? या विचारापाशी येऊन तो नेहमीसारखा थांबला. बाई गेली असेल का? गेली असेल तर कशी? सकाळी ती नेमकं काय म्हणाली होती? तो पेपरातला कापसाचा भाव वाचत होता. कापसाशी त्याचा आता काही संबंध नव्हता, शेत बटईनं दिलेलं होतं, पण भाव वाचायची सवय राहिली होती. दारात बाई उभी होती, ओले हात पदराला पुसत. सावनेर हा शब्द होता. पेटी हा शब्द होता. बाकीचं कापसाच्या भावाखाली गेलं होतं.

बाईचं सासर सावनेरच्या अलीकडच्या एका गावचं. तिचा नवरा गेला तेव्हा रुपराव कॉलेजात होता. त्यानंतर काही वर्षं ती तिथंच जावेबरोबर, प्रयागबाईबरोबर, शेतात राबत राहिली. पुढे सुभद्राला दिवस गेले, पहिलं बाळंतपण, आणि घरात वडीलधारं कोणी नाही म्हणून रुपराव बाईला घेऊन आला. चार महिन्यांसाठी. ती एक पत्र्याची पेटी आणि एक गाठोडं घेऊन आली होती. तेव्हा जन्मलेली पोरगी आता मॅट्रिकला आहे. चार महिने झाल्यावर राहा म्हणून बाईला कोणी म्हटलं नाही, जा म्हणूनही म्हटलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी ठरवावं लागलं असतं. न विचारता सगळं छान चाललं होतं. सकाळी उठलं की चहा असायचा, नळाला पाणी यायच्या आधी ड्रम घासलेला असायचा, गॅसची हंडी, म्हणजे सिलिंडर, आली की फाटक उघडलेलं असायचं. गॅस आला, कुकर आला, मिक्सर आला, घरातली कामं किती कमी झाली असं सुभद्रा लोकांना सांगायची, आणि ते खरंच होतं. कुकरच्या शिट्ट्यांकडे कान ठेवून बाई बसलेली असायची, तेवढं सोडून.

रुपरावनं मनाशी म्हणून पाहिलं: बाई गेली. आधी आठवला तो कूलर. मग दूध उतू जाईल हे आठवलं, मग फाटक, मग दिव्याचं बटण कोण वर करणार ते. त्याला स्वतःचंच थोडं नवल वाटलं. बहीण घर सोडून गेली असेल आणि आपल्याला नुसती कामं आठवतायत. त्यानं प्रयत्न केला, अगदी परीक्षेत बसल्यासारखा, की कामांशिवायची बाई आठवून पाहू. तिचा चेहरा समोर आणायला गेला तर तो पाठमोराच आला. हात आले, कोपरापर्यंत ओले. ती जेवताना त्याला दिसेना. ती बसलेली कुठं दिसते का म्हणून त्यानं सगळं घर मनातल्या मनात फिरून पाहिलं, तर ओसरी, न्हाणी, स्वयंपाकघर, सगळीकडे ती उभी किंवा वाकलेली होती. तिला काय आवडतं? गोड की तिखट? त्याला माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माहीत नव्हतं, आणि याचं त्याला आता पहिल्यांदा वाईट वाटलं. गरम हवेत पडल्यापडल्या वाटलं.

मग स्कूटर आठवली. कित्येक वर्षं नंबर लावून ठेवल्यावर एकदाची ती आली होती तेव्हा सुभद्रानं तिची पूजा केली, हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाई मागे दाराशी उभी होती, कुंकवाच्या कामात ती पुढे येत नसे. सगळे पेढे खाऊन आत गेल्यावर ती स्कूटरजवळ आली आणि सीटवरून हात फिरवत म्हणाली, "मले एक चक्कर देजो ना गा, रुपा. सीताबर्डीपर्यंत. किल्ला पाहीन अन् वापस येऊ." लहान पोरीनं मागावं तसं मागितलं होतं. तो हाव म्हणाला होता. ही एक गोष्ट तिनं स्वतःसाठी मागितली होती, आणि आता ती स्कूटर जुनी झाली, रंग उडाला, सीटचं रेक्झिन दोनदा बदललं. सुभद्रा बसली, मुलं बसली, नत्थूजी बसले, गव्हाचं पोतं बसलं. बाई बसली नाही. तिनं पुन्हा विचारलंही नाही. पुन्हा विचारलं असतं तर तो पुन्हा हाव म्हणाला असता, हे तिला कळलं असणार.

घाम आता पाठीखाली साचला होता आणि चादर चिकटत होती. अशीच चादर एकदा चिकटत होती, गावाच्या घरी, तो सात-आठ वर्षांचा असताना. त्याला ऊन लागलं होतं, अंग तापानं फणफणत होतं. आई शेतावर. बाईनं आपलं लुगडं माठातल्या पाण्यात बुडवून दाराच्या चौकटीला बांधलं होतं, आणि बाहेरची झळ त्या ओल्या कापडातून आत यायची ती गार होऊन यायची. लुगडं वाळत आलं की ती बाहेरून तांब्यानं पाणी मारायची. त्याला आतून फक्त कापडावर उमटणारा ओला डाग दिसायचा, मोठा मोठा होत जाणारा, आणि त्या डागामागे तिची सावली. 'बाई, तू आत ये ना,' असं तो म्हणाला होता का? म्हणाला असावा असं त्याला फार वाटत होतं. पण आठवण डागापाशीच संपत होती. पुढचं त्यानं आता स्वतः घातलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि कापडाबाहेर उन्हात बाईचं काय चाललं होतं हे त्या आठवणीतून दिसतही नव्हतं. तेव्हाही बाई बाहेरच होती, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं.

आणि मग सकाळचं बोलणं आलं, सगळंच्या सगळं, कापसाचा भाव बाजूला सारून. बहुतेक ते कानात शिरून तिथंच पडून राहिलं होतं.

"रुपा, प्रयागचा निरोप आला."

"हाव."

"लेक राहाले गेला म्हने तिचा, खाणीच्या क्वार्टरमंधी. ते एकटीच राहिली आता."

"हाव."

"मी बी आता तिकडंच जाऊन राहाव म्हणून राहिली. तिले सोबत, मले सोबत. इथं तुमचं सगळं बरं चाललं हाय."

"हाव."

"आज दुपारच्या गाडीवर बसवून देजो मले. पेटी जड हाय, माह्याच्यानं उचलत नाही. आयकलं का गा?"

"आयकलं ना वं. हाव म्हटलं ना."

कायमचं, म्हणजे. आणि दुपारची गाडी, म्हणजे ती वेळ केव्हाच टळून गेली. तो जेवला, ताटात वाढणारा हात बाईचाच होता, तो हात एकदाही थांबला नाही, आणि ताटावरून उठून तो सरळ पलंगावर आला. रुपराव उठून बसला. आपण उठलो याचं त्याला किंचित नवल वाटलं, कारण उठायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं. सुभद्राचा श्वास क्षणभर थांबला आणि सुटकेनं पुन्हा सुरू झाला. आपण जिंकलो असं तिला वाटलं असणार.

स्वयंपाकघरात भिंती तापून वास मारत होत्या. दूध तापवून जाळीखाली ठेवलेलं होतं. संध्याकाळचे तांदूळ निवडून ताटात पसरलेले होते. माठावर ओलं फडकं होतं, आणि माठ काठोकाठ भरलेला. ओसरीच्या कोपऱ्यात बाईची वळकटी असायची तिथं फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता. खुंटीवर तिचं दुसरं लुगडं नव्हतं. रुपराव त्या रिकाम्या खुंटीकडे बघत राहिला, आणि त्याला भीती वाटली. ही भीती कूलरची नव्हती, दुधाची नव्हती. कशाची होती हे त्याला सांगता आलं नसतं. गावाकडं जत्रेत हात सुटल्यावर पोराला वाटावी तशी होती. त्यानं मागचं दार उघडलं. झळ तोंडावर आली, डोळे मिटले, आणि मग तो अनवाणीच बोळीत वळला.

कूलरला लागून, भिंतीच्या हातभर सावलीत, बाई पेटीवर बसली होती. डोक्यावरून पदर, पदराच्या गाठीत कांदा, मांडीवर गाठोडं. एका बाजूला, बोळीच्या तोंडाशी अंगणात, स्कूटर उभी होती, दुसऱ्या बाजूला पाण्यानं भरलेला ड्रम, त्यावर ओलं पोतं, आणि ड्रमाशेजारी भरलेली बादली. बादलीतल्या पाण्यात आभाळ दिसत होतं. कूलरचा पंप तिच्या कानाशीच कोरडा घुरघुरत होता. ती बसलेली होती. रुपरावनं तिला बसलेली पाहिली.

"बाई, तू इथंच हायेस?"

"कुठं जाईन? पेटी इथवर ओढत आनली, उचलत नाही माह्याच्यानं."

"मंग आवाज काहून नाही देला?"

"देला ना गा. दोन डाव देला. बाहीरचा आवाज आत जात नाही." तिनं कूलरच्या पत्र्याकडे हात केला. "आतला मात्र बाहीर येते. तू बी आवाज देला, थो आयकला म्या."

"मंग उठून आली काहून नाही?"

"आली असती तं पानी टाकून बसली असती." बाईच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ किती पडलं हे सांगावं तशी ती सांगत होती. "अन् तू झोपला असतास. मंग म्हटलं, आज पानी टाकू नोको. पानी संपलं का उठते थो."

रुपरावला लाज वाटली. ती चेहऱ्यावर आली असावी, कारण बाई दुसरीकडे बघू लागली. दुपारची गाडी गेली असणार, असं तो म्हणाला. बाई म्हणाली, संध्याकाळची एक हाय. त्याला केवढंतरी हायसं वाटलं; संध्याकाळ अजून लांब होती आणि संध्याकाळपर्यंत पुष्कळ गोष्टी आपोआप टळतात.

"मंग उद्या जा ना वं."

"उद्या बी पानी संपू द्या लागंन मले," बाई म्हणाली.

पायाखालची फरशी भाजत होती, म्हणून त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा. मग जे बोलायचं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "नोको जाऊ वं, बाई."

"काहून?"

तिनं खरंच विचारलं होतं. त्याच्या तोंडाकडे बघून, उत्तर ऐकायचं म्हणून. रुपरावनं उत्तर शोधलं. पाणी, दूध, फाटक, दिवा, सुभद्राचं डोकं दुखणं, पोरीची मॅट्रिकची परीक्षा, एक एक पुढे येत होतं आणि तो एक एक परत पाठवत होता. या सगळ्याच्या मागे काहीतरी होतं, ओल्या कापडामागच्या सावलीसारखं, त्याला नाव द्यायची सवय त्याला कधी लागली नव्हती. तू माझी बाई आहेस, एवढं तरी म्हणता आलं असतं. ते त्याला नंतर, फार उशिरा सुचलं. बाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती नजर काढून घेत म्हणाली, "पाय भाजून राहिले तुये. चप्पल घालून ये."

तो चप्पल आणायला गेला नाही. निदान पाणी तरी टाकावं, म्हणून त्यानं बादली उचलली आणि कूलरसमोर उभा राहिला. तिन्ही बाजूंना सारखाच पत्रा होता आणि त्याच्या आडून वाळा दिसत होता. पाणी कुठून ओतायचं हे त्याला कळेना. त्यानं एका पट्टीला बोट लावून पाहिलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"तिकडून नाही. या अंगानं. झडप हाय पाह्य खाली," बाई बसल्या जागेवरून म्हणाली. "पदर घे... दुपट्टा घे हाताले. हां. हळू टाक, पंपावर उडवू नोको."

दुपट्टा नव्हता. त्यानं बनियनचं टोक धरून झडप उघडली. ती करकरली. बादलीची कडी वाजली, पाणी पडलं. पंपाची घुरघुर बुडाली, वरून वाळ्यावर धार सुरू झाली, आणि वास सुटला, पण तो सगळा आत गेला. बाहेर फक्त पत्रा होता आणि पंख्यानं खेचून घेतलेली झळ. आत आता काय वाटत असेल हे त्याला अगदी नेमकं माहीत होतं. आधी पायाच्या अंगठ्यांना, मग पोटऱ्यांना, मग डोळे आणखी घट्ट मिटतात. बादली रिकामी करून तो उभा राहिला. पाठीवर ऊन होतं.

आतून सुभद्राचा आवाज आला, अर्धवट झोपेतला, समाधानी आणि अगदी स्पष्ट. "आल्या का बाई? माठातलं गिलासभर पानी बी आना ना आत येता येता."

बाईचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले, ती पेटीवरून अर्धी उठली, आणि अर्ध्यातच थांबली. मग सावकाश पुन्हा बसली. गाठोडं मांडीवर नीट घेतलं आणि रुपरावकडे पाहिलं.

"हाव," रुपराव म्हणाला.

ते आत ऐकू गेलं नाही. "बाई!" आतून पुन्हा हाक आली, "ओ बाई, आयकलं का?" रुपरावनं मोठ्यानं, पत्र्याला तोंड लावून म्हटलं, "हाव!" तरी गेलं नाही. हाक तिसऱ्यांदा आली, आता थोडी चिडून. तो रिकामी बादली हातात धरून उभा होता. मग त्यानं ती ड्रमाशेजारी ठेवली, खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि बाईला म्हणाला, "ऊठ वं. किल्ल्याकडून जाऊ. संध्याकाळच्या गाडीले टाइम हाय."

बाई उठली. त्यानं वाकून पेटीच्या दोन्ही कड्या धरल्या. ती खरंच जड होती.